पिवळ्या निशाणाखाली

इसवी सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबई शहरात तीन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या, आणि त्या घडत असताना त्यांचा एकमेकींशी काही संबंध जडेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसावे. पहिली २३ तारखेची. त्या दिवशी म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीपुढे डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय आणि मांडवी भागात वैद्यकी करणाऱ्या सभासदाने असे निवेदन केले की, आपल्या रोग्यांमध्ये जो ताप आढळतो आहे, ज्यात जांघेत आणि काखेत गाठी उठून रोगी तीनचार दिवसांत दगावतो, तो दुसरातिसरा काही नसून ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग होय. दुसरी गोष्ट २६ तारखेची. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या दिवाणखान्यात सर फिरोजशहा मेहता ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेत नाताळ वसाहतीतून आलेला मोहनदास करमचंद गांधी नावाचा एक तरुण बॅरिस्टर भाषणास उभा राहिला. परंतु त्याचा आवाज मागील रांगांपर्यंत पोहोचेना, म्हणून केशवराव देशपांडे ह्यांनी कागद हाती घेतला, आणि श्रोत्यांनी वाच्छांच्या नावाचा गजर केल्यामुळे अखेर दिनशा वाच्छांनी ते भाषण वाचून दाखविले. भाषणाचा विषय दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी हा होता, आणि मांडवीतील तापाचा उल्लेख त्यात असण्याचे काहीच कारण नव्हते. असे असूनही तीन महिन्यांच्या आत हाच ताप त्या बॅरिस्टराच्या वाटेत आडवा आला, आणि तोही त्याला किंवा त्याच्या सहप्रवाशांपैकी कोणालाही न होता.

साथीच्या इतिहासात मृत्यूंची गणती पुष्कळांनी केली आहे. परंतु साथ नुकतीच सुरू झाली असताना, तिचे नाव अजून सरकारी दप्तरात नीट चढले नसताना, जे लोक परमुलुखी निघाले होते त्यांचे काय झाले, ह्याची वास्तपुस्त फारशी कोणी केलेली नाही. ती करू लागले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. बंदराबंदरांवर जी तपासणी होत असे ती रोगाची आहे असे सांगण्यात येई, पण बहुधा ती उतारूच्या तिकिटाची, वर्णाची आणि धर्माची असे. रोग हे निमित्त होते असे मी म्हणत नाही. रोग खरा होता आणि भयंकर होता. मात्र भय खरे असले म्हणजे त्याच्या आधाराने केलेली प्रत्येक कृती खरी ठरत नाही.

मुंबईत प्लेगचे नाव उघडपणे उच्चारण्यास आरंभी कोणीच राजी नव्हते. त्या शहराचे सारे वैभव बंदरावर उभे होते. कापूस, धान्य, कातडी, तेलबिया ह्यांनी भरलेल्या आगबोटी प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक येथून सुटत, आणि प्लेग हा शब्द एकदा तारेने युरोपात गेला की ह्या सर्व आगबोटींना परक्या बंदरांत नांगर टाकणे मुश्किल होणार हे जितके व्यापाऱ्यांना कळत होते तितकेच सरकारलाही. म्हणून काही दिवस तो एक विशिष्ट प्रकारचा गाठींचा ताप राहिला. रोग आला कोठून ह्याविषयीही वाद माजला. दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगात ह्याच रोगाने कहर केला होता व तेथेच येर्सिन आणि कितासातो ह्यांनी त्याचे जंतू शोधून काढले होते; तेव्हा चीनहून येणाऱ्या जहाजांवर बोट ठेवणे सरळ होते. पण जहाजावर बोट ठेवणे म्हणजे व्यापारावर बोट ठेवणे. त्यापेक्षा हिमालयाच्या पायथ्याकडून पायी आलेल्या बैराग्यांना दोष देणारे अनुमान पुष्कळांना अधिक सोयीचे वाटले. बैराग्याची तक्रार मांडणारी कोणतीही व्यापारी मंडळी नव्हती.

ऑक्टोबरात कलकत्त्याहून जंतुशास्त्रज्ञ हाफकिन आले आणि जंतूंविषयीची शंका फिटली. त्याच महिन्यात म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनी रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला. त्याचा परिणाम असा झाला की महिनाअखेरीस गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढविला. लोक शहर सोडून पळू लागले. आगगाडीने देशावर, शेफर्ड कंपनीच्या बोटींनी कोकणात, पडावांनी, बैलगाड्यांनी, आणि ज्यांना काहीच मिळाले नाही ते पायी. १८९१ च्या खानेसुमारीत ज्या शहराची वस्ती सव्वाआठ लाख होती, त्याचा जवळजवळ निम्मा भाग पुढील फेब्रुवारीपर्यंत बाहेर पडला होता. ह्या सर्वांपैकी समुद्रापलीकडे जाणारे फार थोडे. परंतु जगाचे डोळे लागले होते ते नेमके त्यांच्यावर.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांत मुंबईहून दोन आगबोटी डर्बनकडे निघाल्या. एक 'कोर्लंड', जी दादा अब्दुल्ला ह्या व्यापारी पेढीच्या मालकीची होती, आणि दुसरी 'नादेरी', जिची मुखत्यारी त्याच पेढीकडे होती. दोहोंवर मिळून सुमारे आठशे उतारू होते, आणि ते सारेच नाताळास जाणारे नव्हते. कित्येकांना पुढे ट्रान्सवालकडे जायचे होते. 'कोर्लंड'वर गांधी आपल्या कुटुंबासह होते. सुधारलेल्या माणसांत शोभावे म्हणून त्यांनी कस्तुरबाईंना पारशी पद्धतीने साडी नेसावयास लावले होते, मुलांना पारशी कोट घातले होते, आणि सर्वांच्या पायांत बूट व मोजे चढविले होते. त्या बुटांनी पोरांचे पाय दुखत, मोज्यांना घामाची घाण येई, आणि काट्याचमच्याने जेवण्याचा तर सर्वांनाच जाच होई. परमुलुखी आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल ह्याची चिंता करणाऱ्या गृहस्थाने केलेली ही तयारी होती. प्रत्यक्ष बंदरावर कोट कोणी पाहिला नाही.

डर्बनला पोहोचण्यापूर्वी वादळ झाले आणि ते शमल्यावर १८ डिसेंबरला दोन्ही बोटींनी नांगर टाकला. मुंबई सोडताना त्यांच्याकडे आरोग्याचा निर्वेध दाखला होता आणि वाटेत कोणी आजारी पडलेले नव्हते. परंतु मुंबई हे बाधित बंदर असल्याचा नाताळ सरकारचा जाहीरनामा ह्याच सुमारास निघाला, आणि डोलकाठीवर क्वारंटाइनचे पिवळे निशाण चढले. डॉक्टरांचे म्हणणे असे पडले की, प्लेगचे जंतू शरीरात शिरल्यापासून प्रकट होईपर्यंत फार तर तेवीस दिवस लागतात. तेव्हा मुंबई सोडल्यापासून तेवीस दिवस पुरे होईपर्यंत बोटी बाहेरच राहाव्यात. इथवर ते सयुक्तिक होते. दोन्ही बोटींना मुंबई सोडून तीन आठवड्यांच्या जवळपास झालेच होते. उरलेले थोडे दिवस काढणे कोणालाही जड गेले नसते. पण ती मुदत भरत आली तशी ती वाढविण्यात आली, आणि नव्या मुदतीला आधार म्हणून वैद्यकशास्त्रातला कोणता नवा शोध पुढे आला हे कोणी सांगितले नाही.

किनाऱ्यावर काय चालले होते ते पाहिले म्हणजे ह्या वाढीचा उलगडा होतो. गांधींनी हिंदुस्थानात प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेचा रॉयटरने तारेने पाठविलेला त्रोटक आणि विपर्यस्त गोषवारा वाचून डर्बनमधील गोरे लोक चवताळले होते. ह्या दोन बोटी भरून माणसे आणून गांधी नाताळ हिंदी लोकांनी भरून टाकणार, अशी आवई उठली. सभांवर सभा झाल्या. बोटी परत हिंदुस्थानात पाठवा, हवे तर उतारूंना परतीचे भाडे आम्ही देतो, असे ठराव झाले. कारखान्यांत आणि उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करार करून आणलेल्या हिंदी मजुरांविषयी ह्या सभांना विशेष तक्रार नव्हती. रोष होता तो स्वखर्चाने, स्वतःच्या मर्जीने, दुकान थाटण्यासाठी येणाऱ्या हिंदी माणसावर. प्लेगचा जंतू करारनामा वाचून अंगात शिरतो असे काही त्या काळच्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही.

बोटींवर मात्र नियमांचा अंमल कसोशीने चालू होता. गंधकाची धुरी झाली, कार्बोलिकने धुलाई झाली, जुने कपडे, चिंध्या आणि अंथरुणे जाळण्यात आली, उतारूंनी अंगे धुतली. अंथरुणे जाळल्यावर रात्री कशावर निजावे हा प्रश्न नियम करणाऱ्यांच्या पुढे नव्हता. डर्बनमधील हिंदी व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून पांघरुणे आणि शिधा पाठविला. ख्रिसमसच्या दिवशी कप्तानाने गांधींना आणि त्यांच्या कुटुंबाला मेजवानीस बोलाविले. जेवणानंतर गांधी पाश्चात्त्य सुधारणेवर बोलले व ती मुख्यतः बळावर उभी आहे असे त्यांनी सांगितले. त्यावर किनाऱ्यावरच्या लोकांनी धमकी खरी केली तर तुम्ही काय कराल, असे कप्तानाने विचारले. गांधींनी क्षमेची भाषा केली. कप्तान हसला, आणि त्याला हसू आले ह्यात नवल नाही.

गांधींच्याच म्हणण्याप्रमाणे तेवीस दिवस बाहेर काढल्यावर बोटींना बंदरात घेण्यात आले. १३ जानेवारी १८९७ रोजी धक्क्यावर मोठा जमाव होता. वसाहतीचे सरकारी वकील एस्कंब ह्यांनी त्याची समजूत घालून त्याला पांगविले आणि उतारू सुखरूप उतरले. संध्याकाळी लॉटन नावाच्या वकिलाबरोबर गांधी पायी निघाले तेव्हा त्यांना काही पोरांनी ओळखले. मग दगड, विटांचे तुकडे, सडकी अंडी आणि शेवटी लाथाबुक्क्या. पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर ह्यांची पत्नी त्या रस्त्याने येत होती; ती आपली छत्री उघडून मध्ये उभी राहिली म्हणून प्राण वाचले. गांधी ज्यांच्याकडे उतरले होते त्या रुस्तुमजींच्या घराला रात्री गराडा पडला तेव्हा अलेक्झांडर ह्यांनी जमावाला गाणी म्हणण्यात गुंतविले, आणि गांधी हिंदी शिपायाचा पोशाख करून, डोक्यावर पितळी थाळी ठेवून तीवर मद्रासी रुमाल गुंडाळून, मागील वाटेने निसटले. पुढे वसाहतमंत्री चेंबरलेन ह्यांनी हल्लेखोरांवर खटले भरण्यास तारेने कळविले. गांधींनी फिर्याद देण्याचे नाकारले. आठशे उतारूंपैकी एकालाही प्लेग झाला नव्हता. मात्र त्या वर्षी नाताळच्या कायदेमंडळाने जे कायदे संमत केले त्यांत युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट घालणारा आगमननिर्बंधाचा कायदा होता, आणि बाधित बंदरातून आलेल्यांना उतरू न देण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदाही होता. साथ निघून गेली तरी कायदे जागेवर राहतात.

तेवीस दिवसांच्या त्या मुदतीची शास्त्रीय किंमत किती होती हे लवकरच कळून आले. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिस येथे युरोपीय राष्ट्रांची आरोग्यपरिषद भरली, ती केवळ मुंबईच्या प्लेगमुळे. १८५१ पासून अशा परिषदा भरत होत्या आणि त्यांत इंग्रजांचे व इतरांचे कधी जमले नव्हते. इंग्रजांना जहाज थांबणे म्हणजे नुकसान दिसे, फ्रेंचांना जहाज येणे म्हणजे पटकी दिसे. ह्या परिषदेतील फ्रेंच प्रतिनिधींत डॉ. आद्रियां प्रूस्त होते. त्यांचे चिरंजीव पुढे कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. तीर्थरूपांनी मात्र सारी हयात रोगांना युरोपच्या वेशीबाहेर थोपविण्याच्या खटपटीत घालविली. १९ मार्चला करारावर सह्या झाल्या. प्लेग उद्भवताच इतर राष्ट्रांना त्याची वर्दी देणे बंधनकारक ठरले, आणि रोग अंगात दडून राहण्याची कमाल मुदत दहा दिवस धरण्यात आली. डर्बनच्या तेवीस दिवसांना निम्म्याहून अधिक कात्री लागली.

ह्या परिषदेपूर्वीच, ४ फेब्रुवारी रोजी, हिंदुस्थान सरकारने साथीच्या रोगांचा कायदा घाईने संमत केला होता. त्यान्वये जहाजे आणि उतारू तपासण्याचे व अडकवून ठेवण्याचे अधिकार मिळाले, आणि मुंबई व कराची ह्या बंदरांतून हजची यात्रा बंद करण्यात आली. दर वर्षी हजारो यात्रेकरू हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून मुंबईस येत, मुसाफिरखान्यांतून उतरत, आणि जिद्द्याच्या बोटीची वाट पाहत. त्यांच्यासाठी तपासणी ही नवी गोष्ट नव्हती. १८६५ मध्ये मक्केत पटकीने हजारो माणसे दगावली आणि तेथून ती सुएझमार्गे युरोपात पोहोचली, तेव्हापासून यात्रेकरू हा युरोपच्या दृष्टीने चालता रोग झाला होता. १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर तुर्कांनी क्वारंटाइनचे ठाणे उघडले होते. यात्रेकरूंना तेथे उतरवून घेत, कपडे वाफेच्या भट्टीत घालत, अंगावर पाणी सोडत, आणि खजुरीच्या चटयांच्या झोपड्यांतून मुदत संपेपर्यंत ठेवत. ह्या सर्वाचा आकार पुन्हा यात्रेकरूंकडूनच वसूल करीत. जन्मभर पैपैशाने जमविलेल्या पुंजीपैकी किती भाग त्या उजाड बेटावर पाण्यात, सरपणात आणि सरकारी हशिलात जाई ह्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू होत्या. मे १८९५ मध्ये जिद्द्याबाहेर परकीय वकिलांवर हल्ला होऊन इंग्रजांचे उपवकील डॉ. अब्दुर रझाक ठार झाले. वाफेच्या यंत्रांविषयी त्या प्रांती पसरलेला संताप त्याच्या मागे होता.

यात्रेकरूंची वाट अशी बंद असताना विलायतेची डाक दर आठवड्याला मुंबईहून सुटतच होती. पहिल्या वर्गाच्या उतारूचीही नाडी पाहत, गाठी चाचपत. पण तपासणी करणे निराळे आणि प्रवास बंद करणे निराळे. टपालाची बोट सुएझच्या कालव्यातून किनाऱ्याशी संबंध न ठेवता पुढे जाऊ शके. यात्रेकरूंच्या बोटीसाठी नियमच वेगळे केलेले होते. मार्च १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी मुंबईहून विलायतेस निघाले. शहरात त्या वेळी जनरल गेटेकर ह्यांच्या प्लेग कमिटीचा अंमल सुरू झाला होता आणि पुण्यास रँडसाहेबांचा. गोखल्यांना वाटेत प्लेगने गाठले नाही. प्लेगच्या बंदोबस्ताने मात्र गाठले. सोजिरांच्या झडत्यांत स्त्रियांची विटंबना झाल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली, ती हकीकत त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केली, आणि जुलैअखेर परत आल्यावर किनाऱ्याला पाय लागण्याआधी मुंबईचे पोलीस कमिशनर त्यांना भेटण्यासाठी बोटीवर चढले. पत्रलेखकांची नावे गोखल्यांनी सांगितली नाहीत, पुरावा उभा राहिला नाही, आणि ऑगस्टच्या आरंभी त्यांना जाहीर माफी मागावी लागली. मधल्या काळात, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली होती. अशा वेळी धक्क्यावर डॉक्टराऐवजी पोलीस येणे हेच स्वाभाविक होते.

आणि खरा प्रवासी? तो ह्या सर्व काळात बिनबोभाट ये-जा करीत होता. १८९८ मध्ये सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून असे दाखविले की, प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे पिसवेमार्फत जातो. परंतु त्यावर बरीच वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. उतारूंच्या गोधड्या जळत असताना त्याच बोटीच्या तळघरात धान्याच्या गोणींत जी मंडळी सुखाने नांदत होती, त्यांना ना दाखला लागे ना तिकीट; नांगराच्या दोरावरून ती जावयासारखी धक्क्यावर उतरत. हजची वाट बंद करूनही जिद्द्यात प्लेग झालाच. १८९९ मध्ये तो अलेक्झांड्रिया आणि ओपोर्तो येथे, १९०० मध्ये सिडनी, सॅन फ्रान्सिस्को आणि ग्लासगो येथे, १९०१ मध्ये केपटाउनला पोहोचला. १९०३ च्या पॅरिस करारात जहाजांवरील उंदीर मारण्याचे कलम प्रथम आले, म्हणजे मांडवीतल्या गोदामांत उंदीर मरून पडू लागल्यानंतर सात वर्षांनी.

ह्या अनुभवातून मुंबई बंदर शहाणे झाले असेल असे वाटावे. परंतु पुढली साथ आली ती उलट्या दिशेने. मे १९१८ च्या अखेरीस सैन्याची ने-आण करणारे एक जहाज बंदरात आले. १० जूनला सात पोलीस शिपाई, ज्यांपैकी एक गोदीवर पहारा करीत असे, ताप येऊन इस्पितळात दाखल झाले, आणि तो ताप हिवतापाचा नव्हता. त्यांच्यामागून गोदीतले मजूर पडले, मग आगबोट कंपन्यांचे कारकून, पोर्ट ट्रस्ट, बँका, तारऑफिस, टांकसाळ आणि गिरण्या. आरोग्याधिकारी डॉ. टर्नर ह्यांचा आरोप होता की रोग त्या जहाजावरून आला. सरकारी बाजूचे म्हणणे असे की खलाशांनाच तो मुंबईत जडला. बावीस वर्षांपूर्वी जो वाद चिनी जहाज आणि बैरागी ह्यांच्यात लावण्यात आला होता, तोच आता म्युनिसिपालिटी आणि लष्कर ह्यांच्यात लागला. महायुद्ध चालू होते. बसऱ्याकडे जाणारे आणि तिकडून येणारे एकही जहाज त्या वादासाठी थांबविण्यात आले नाही. एकट्या ६ ऑक्टोबरला मुंबईत ७६८ माणसे मेली. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले. १८९७ चा कायदा तेव्हा जसाच्या तसा पुस्तकात होता, तपासणीचे डॉक्टर होते, पिवळी निशाणे होती; ह्या जहाजांवर सरकारचे स्वतःचे शिपाई होते, एवढाच काय तो फरक.

२५ मे १९५१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जुने सगळे करार एकत्र करून जे आरोग्यविषयक नियम संमत केले, त्यांत परदेशी प्रवाशाला अडविण्याजोगे सहा रोग नमूद केले होते: प्लेग, पटकी, देवी, पीतज्वर, टायफस आणि उलटणारा ताप. इन्फ्लुएन्झाचे नाव त्या यादीत नव्हते. इन्फ्लुएन्झाच्या नव्या उपप्रकाराचा माणसात आढळलेला प्रत्येक रोगी जगाला कळविण्याचे बंधन २००५ च्या सुधारलेल्या नियमांत आले, आणि ते नियम १५ जून २००७ पासून अंमलात आहेत.